पूल म्हणजे वीस, घर म्हणजे पाच लाख

७ फेब्रुवारी २०२५, हनोई

रात्रीचे साडेदहा. आई झोपली आहे. तिची हिशेबाची वही समोर घेऊन मी अर्धा तास बसले आहे आणि पाच लाखांचा मेळ लागत नाही. पाच लाख दोंग, म्हणजे आपले साधारण सतराशे रुपये.

दिवसाची सुरुवात चांगली झाली होती. विमानतळावरून गावात यायला ८६ नंबरची बस आहे, माणशी ४५ हजार दोंग. शेवटची तीन शून्यं उडवायची आणि साडेतीननं गुणायचं, की रुपये निघतात. म्हणजे दीडशेच्या आसपास. टॅक्सीवाले याच्या सहा-सातपट मागत होते. बसमध्ये सामानाला जागा होती, आईला खिडकी मिळाली. बाहेर भुरभुर पाऊस आणि चांगलीच थंडी. व्हिएतनाम म्हटलं की आपल्याकडे सगळे सुती कपडे भरायला सांगतात. दक्षिणेसाठी ते बरोबर आहे, पण हनोई उत्तरेला आहे आणि फेब्रुवारीत इथं स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतं. आईनं स्वतःच्या मनानं शाल घेतली होती म्हणून निभावलं.

घोळ झाला तो शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. बस रेल्वे स्टेशनपाशी संपते. तिथून लॉजपर्यंत ॲपवरून गाडी बोलावली, ३८ हजार झाले. अंधार, पाऊस, दोन बॅगा, आईचा गुडघा. मी पाकिटातून दोन निळ्या नोटा काढून दिल्या आणि उरलेले राहू द्या म्हणून हात केला. वीस हजाराची नोट निळी असते. पाच लाखाचीही निळीच, जराशी हिरवट. चालकाच्या तरी ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. पाऊस त्यालाही लागत होता.

बसनं यायचा हट्ट धरून जे वाचवलं, त्याहून जास्त एका सेकंदात गेलं. वाईट वाटतंय. आईला सकाळी सांगेन.

८ फेब्रुवारी, हनोई

सांगितलं. आई रागावली नाही. सगळ्या नोटा पलंगावर मांडायला लावल्या आणि चष्मा लावून बसली. प्रत्येक नोटेवर पुढच्या बाजूला इथले स्वातंत्र्यलढ्याचे नेते हो चि मिन्ह यांचाच चेहरा आहे, त्यामुळे पुढून बघून काही कळत नाही. आईनं सगळ्या उलट्या केल्या. वीस हजाराच्या मागे होई आन गावातला छप्पर असलेला जुना पूल आहे. पाच लाखाच्या मागे हो चि मिन्ह यांच्या गावचं शाकारलेलं घर आहे.

"पूल म्हणजे वीस, घर म्हणजे पाच लाख," आई म्हणाली. "देताना नोट उलटी करायची. रंगाकडे बघायचंच नाही."

मग तिनं घराच्या नोटा वेगळ्या काढून रुमालात बांधल्या, आतल्या खिशात ठेवल्या आणि वर सेफ्टी पिन लावली. बाकीच्या बटव्यात. मी निघण्याआधी महिनाभर या देशाबद्दल वाचत होते. पंचवीस डॉलरचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढायचा, त्याच्यासारखी दिसणारी दुसरी संकेतस्थळं दुप्पट पैसे घेतात, हे सगळं मला पाठ होतं. पण नोट उलटून बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज एकादशी. परदेशात आहेस, सोड यावेळी, असं मी म्हणून बघितलं. ती ऐकणार नव्हतीच. आणि सोडायची गरजही पडली नाही. लॉजच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई कोळशाच्या शेगडीवर रताळी भाजत होती. इथं हिवाळ्यात ती सगळीकडे मिळतात. साल काळं पडून सुटलेलं, आतून पिवळंधम्मक, आणि टोकाला चिकासारखा पाक आलेला. कागदात गुंडाळून दिलेलं रताळं आईनं आधी दोन्ही तळव्यांत धरून हात शेकले आणि मग खाल्लं. शेजारीच उकडलेल्या शेंगा आणि केळी. एवढा साग्रसंगीत उपवास तर सांगलीतही होत नाही, असं ती म्हणाली.

माझं दुपारचं जेवण मात्र फसलं. फुटपाथवरच्या जेवणाच्या दुकानात भात आणि ताटांत मांडलेल्या भाज्या असतात, बोट दाखवायचं आणि घ्यायचं. एक भाजी बघून आई हरखली. नाळीची भाजी! लसणीवर परतलेली, आपल्या मुंबई-कोकणात करतात तशीच. नशीब की तिचा उपवास होता आणि मी एकटीनंच चाखली. भाजी खरी, पण परतताना माशाचा सॉस घातलेला. इथं मीठ कमी आणि माशाचा सॉस जास्त चालतो, त्यामुळे निव्वळ पालेभाजी दिसली म्हणून ती शाकाहारी असेल असं नाही. मी अंडं खाते, आई तेही नाही.

शाकाहारीला काय म्हणतात ते मी पाठ करून आले होते. इंग्रजी अक्षरांत सी, एच, ए, वाय. मी ते 'चे' असं वाचलं होतं आणि दोन दिवस जो भेटेल त्याला 'आन चे, आन चे' म्हणत होते. कुणाला काही उमगत नव्हतं.

संध्याकाळी आईला चहा हवा होता. फुटपाथवर प्लॅस्टिकच्या वीतभर उंचीच्या स्टुलांवर माणसं बसलेली, मध्ये एक किटली, काचेचे ग्लास. आई त्या बाईला म्हणाली, "चाय. दो चाय." परदेशात हिंदी बोलायचं हे तिचं ठरलेलं आहे. बाईनं मान हलवली, उठली, आईचा दंड धरून कोपऱ्यापर्यंत घेऊन गेली आणि गल्लीतल्या एका हिरव्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर तीच चार अक्षरं.

त्यांचा उच्चारच 'चाय' आहे! चाय म्हणजे शाकाहारी. आईनं चहा मागितला आणि तिला शाकाहारी खाणावळ मिळाली.

आणि चहाला इथं काय म्हणतात? हनोईच्या बोलीत 'चा'. बर्फाचा चहा 'चा दा'. घरी बोलतो तसं नुसतं 'चा टाक गं' म्हटली असती, तरी तिला चहा मिळाला असता. मी परत त्या बाईकडे जाऊन म्हणून बघितलं, आणि ग्लास समोर आला. पाच हजार दोंगला एक, सतरा रुपये. बिनसाखरेचा, बिनदुधाचा, थंडगार. आईनं त्याला चहा म्हणायला नकार दिला, पण ग्लास संपवला.

९ फेब्रुवारी, हनोई

द्वादशीचं पारणं हिरव्या पाटीच्या खाणावळीत. ताट ४० हजार. पहिल्या वाटीत शेपटीसकट कोळंबी दिसली आणि आई खुर्ची मागे सारून उभी राहिली. मालकिणीनं हसत एक तुकडा मोडून दाखवला. कणकेचं आणि सोयाचं केलेलं होतं. इथल्या शाकाहारी खाणावळींत मासे, कोंबडी सगळ्याचे आकार करतात. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही, तिनं ते माझ्या ताटात घातलं. पण मालकिणीनं कांदा-लसूण नाही असं खुणेनं सांगितल्यावर मात्र तिचा चेहरा खुलला. बौद्ध परंपरेतला आहार आहे, त्यात कांदा, लसूण वर्ज्य मानतात. "म्हणजे चातुर्मासच की," आई म्हणाली, आणि भात दोनदा घेतला.

दुपारभर जुन्या गावात चाललो. एक पैसाही खर्च झाला नाही आणि या सहलीतला आतापर्यंतचा उत्तम वेळ हाच. छत्तीस गल्ल्यांचं गाव म्हणतात याला, आणि पुष्कळ गल्ल्यांची नावं तिथं विकल्या जाणाऱ्या मालावरून आहेत. चांदीची, कागदाची, कथलाची. कथलाच्या गल्लीत अजून पत्रे ठोकतात. माणूस फुटपाथवर उकिडवा बसलेला, पायाच्या अंगठ्यानं पत्रा दाबून धरलेला, कात्रीनं एका दमात गोल कापत नेला आणि लगेच कडा दुमडायला घेतली. ठक ठक ठक, मध्ये एक ठोका मोकळ्या लोखंडावर, परत ठक ठक. मला पुण्याच्या तांबट आळीत उभी असल्यासारखं झालं, तिथले कारागीरही ठोक्याचा ताल असाच राखतात. जवळच तांब्या-पितळेची गल्लीही आहे, तिचं नाव दोंग. दोंग म्हणजे तांबं. या देशाच्या नाण्याचं नाव त्यावरूनच पडलं. आपल्याकडे 'तांबडा पैसा' म्हणतात, ते आठवलं.

रस्ता ओलांडायचं तंत्रही आज जमलं. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागं फिरायचं तर मुळीच नाही. एका संथ चालीनं चालत राहायचं, दुचाक्या आपल्याला वळसा घालून जातात.

१० फेब्रुवारी, हनोई स्टेशन

रात्रीच्या गाडीनं ह्वे या जुन्या राजधानीच्या गावाला निघालो आहोत. ६८८ किलोमीटर. रात्र गाडीत गेली की एका रात्रीचं लॉजचं भाडं वाचतं.

निघताना लॉजच्या काउंटरवर एक फाडायची दिनदर्शिका दिसली. मोठा आकडा १०, त्याखाली बारीक अक्षरांत १३. आई थबकली. "आज त्रयोदशी," म्हणाली. "यांचंही चांद्रमासावर चालतं गं. परवा पंधरा म्हणजे पौर्णिमा."

११ फेब्रुवारी, ह्वे

आजचं लिहिताना मला माझाच राग येतोय.

इथल्या गाडीत सहा बाकांचा कप्पा असतो, तीन मजली. आपल्याकडे खालचा, मधला, वरचा सगळ्यांचं भाडं एकच. इथं खालचा बाक महाग, मधला त्याहून कमी, वरचा सगळ्यात स्वस्त. तिकिटं काढताना मी आईसाठी मधला घेतला आणि मला वरचा. वाचले किती, तर तिच्या तिकिटामागे जेमतेम अडीचशे रुपये. मधल्या बाकावर ताठ बसता येत नाही. चढायला शिडी नाही, भिंतीला पाय ठेवण्यापुरती एक पट्टी. सहासष्ट वर्षांची बाई, उजवा गुडघा दुखरा. रात्री दोनदा उतरली, दोनदा चढली, आणि मी जागी होऊ नये म्हणून दिवासुद्धा लावला नाही. मला वर झोप लागली होती. सकाळी खालच्या बाकावरच्या मुलीनं खुणा करून सांगितलं, तेव्हा कळलं.

बस, चहा, खाणावळ इथं कितीही काटकसर करावी. पण आईच्या बाकात मी पैसे वाचवायला नको होते. परतीची तिकिटं आत्ताच बदलली, दोन्ही खालची.

तिनं मात्र तक्रारीचा शब्द काढला नाही. सकाळी खिडकीशी बसली आणि विचारलं, "रूळ अरुंद आहेत का गं इथं?" आहेत. मीटर गेज. तिचं माहेर बेळगाव. तिच्या लहानपणी मिरज-बेळगाव गाडी मीटर गेजवर होती. "अशीच डुलायची," म्हणाली. "रात्रभर मला तेच वाटत होतं. झोप नाही आली, पण बरं वाटत होतं."

१२ फेब्रुवारी, ह्वे

पौर्णिमा. आपली माघी पौर्णिमा, आणि यांच्या नव्या वर्षातली पहिली. २९ जानेवारीला यांचं नवं वर्ष लागलं, त्यानंतरची ही पौर्णिमा वर्षातली सगळ्यात मोठी मानतात.

आईचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी इथले पुष्कळ लोक मांसमच्छी खात नाहीत, आणि ह्वे तर मुळातच देवळांचं गाव. एरवी मांसाचं सूप विकणाऱ्या गाड्यांवरही आज तीच चार अक्षरं लिहिलेली पाटी टांगली होती. निवड करायची पंचाईत, इतकं शाकाहारी! घराघरांपुढे छोटं मेज, त्यावर फळं, शेवंती, उदबत्त्या. आई प्रत्येक मेजापुढून जाताना हात जोडत होती. एका आजींनी तिला थांबवून हातावर एक संत्रं ठेवलं.

सकाळी राजवाड्याच्या परिसराचं तिकीट काढलं, माणशी दोन लाख. महाग वाटलं तरी अर्धा दिवस सहज जातो. दुपारी नदीकाठच्या थिएन मू देवळात गेलो, तिथं तिकीट नाही. सात मजली मनोऱ्याच्या मागच्या बाजूला एका छपराखाली एक निळी ऑस्टिन गाडी ठेवली आहे. थिक क्वांग डुक नावाचे भिक्षू १९६३ साली ११ जूनला याच गाडीतून सायगावच्या चौकात आले आणि बौद्धांवरच्या अन्यायाविरुद्ध त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. मी आईला हळू आवाजात सांगितलं. तिनं चपला काढल्या आणि बराच वेळ तिथं उभी राहिली. आजींनी दिलेलं संत्रं मग तिनं तिथंच कठड्याशी ठेवलं.

संध्याकाळी बाजाराजवळच्या एका गाडीवर गेलो. आज मी काही बोलले नाही. आईनं दोन बोटं दाखवली, "चाय" म्हणाली, आणि दोन वाडगे आले. जाड शेवया, मशरूम, टोफू, वर पुदिन्यासारखा पाला आणि लिंबू. रस्सा गवती चहाचा, आणि तिखट! इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या जिभेला तिखट. आईचं नाक वाहायला लागलं आणि ती हसायला लागली.

दोन वाडग्यांचे ६० हजार. मी पाकीट काढत होते, तिनं हातानं थांबवलं. बटवा उघडला, एक निळी नोट काढली, उलटी केली, दिव्यापाशी धरली. पूल. दुसरी. पूल. तिसरी. पूल.