उगवण झाली, पुढे?

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी सायन्सच्या मुलांसाठी मी शनिवारचा एक तास राखून ठेवला आहे. ज्याची पाळी असेल त्याने एक पुस्तक आणि विज्ञानाची एक ताजी बातमी घेऊन यायचं आणि दोन्हींवर वर्गापुढे बोलायचं. याला मार्क नाहीत. त्यामुळे बरीच मुलं मोबाइलवरून उतरवलेलं वाचून दाखवतात आणि खाली बसतात. २०२५ च्या जानेवारीतल्या एका शनिवारी मात्र तासाची घंटा झाली तरी वर्ग उठला नाही.

पाळी होती सातगाव पठारावरून एसटीने येणाऱ्या एका मुलीची. विचारल्याशिवाय न बोलणारी. आमच्या आंबेगाव तालुक्यात हे पठार म्हणजे खरिपातल्या बटाट्याचं आगर, आणि तिच्या घरची शेतीही तीच. तिने पिशवीतून आधी पुस्तक काढलं, मग वर्तमानपत्राचं कात्रण, आणि शेवटी दोन बटाटे. वर्गात खसखस पिकली. तिने लक्ष दिलं नाही.

पुस्तक होतं अँडी वीअर यांचं ‘द मार्शियन’. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भावाने दिलेलं. दिवाळीच्या सुट्टीत शब्दकोश शेजारी ठेवून तिने ते वाचून काढलं होतं. मार्क वॉटनी नावाचा अंतराळवीर मंगळावरच्या वादळात मेला असं समजून त्याचे सहकारी निघून जातात. तो जिवंत असतो. पुढची मोहीम यायला काही वर्षं आहेत, अन्न तेवढं पुरणार नाही. हा गडी मेकॅनिकल इंजिनिअर तर आहेच, वनस्पतिशास्त्रज्ञही आहे. सणाच्या जेवणासाठी पाठवलेले कच्चे बटाटे त्याच्याकडे असतात, त्यांचंच तो बेणं करतो. गोष्ट तिने एवढ्यातच संपवली. तिला बोलायचं होतं ते बटाट्याबद्दल.

प्रयोगशाळेतून सुरी मागून घेऊन तिने पहिला बटाटा हातात धरला. तो त्यांच्या खरिपाच्या पिकातला, घरात राहिलेला. त्याला बोटाच्या पेराएवढे जांभळट कोंब आले होते. “हा शेंडा. इकडचे डोळे आधी फुटतात. आडवा कापला तर एका फोडीला सगळे जोरदार डोळे जातात आणि दुसरी मागं राहते. म्हणून उभा कापायचा.” तिने कापून दाखवला. “पुस्तकातला माणूस प्रत्येक फोडीवर निदान दोन डोळे ठेवतो, आणि फोडी लगेच मातीत न टाकता काही तास तशाच ठेवतो. आमच्यातही बेणं फोडलं की सावलीत पसरून ठेवतात. कापलेली बाजू सुकून तिच्यावर साल धरली पाहिजे, नाहीतर ओल्या मातीत फोड सडते. ते वाचलं तेव्हा मला पटलं, लिहिणाऱ्याने हे नीट विचारून घेतलंय.”

मग तिने दुसरा बटाटा उचलला. तो मामाच्या रब्बीच्या रानातला, त्याच आठवड्यात काढलेला. गुळगुळीत, एकही कोंब नाही. “आणि इथं मला पटलं नाही. पहिलं पीक निघाल्यावर तो त्यातलेच बटाटे पुन्हा लावत जातो. पण नवा बटाटा असा लगेच फुटत नाही, मॅडम. दोन-अडीच महिने झोपलेला असतो. आमचं बेणं पंजाबातून येतं. तिकडे ते हिवाळ्यात निघतं, कोल्ड स्टोरेजला राहतं, तेव्हा कुठं जूनमध्ये आमच्याकडे लावण होते.”

बटाट्याची ही सुप्तावस्था मी दरवर्षी शिकवते. जिबरेलिनसारखं संप्रेरक वापरून ती मोडता येते, हेही सांगते. हे पुस्तक मीही वाचलं होतं, आणि त्या पानावर माझं वाचन कुठेही अडलं नव्हतं. ते अडलं तिचं, कारण तिच्या घरात बेण्याच्या हिशेबावर वर्ष उभं असतं. पठारावर उत्पन्न एकरावर नाही, बेण्यावर मोजतात: बेण्याच्या एका कट्ट्याला (पोत्याला) किती कट्टे उतारा पडला. त्याच मापाने तिने मंगळावरचा बटाटा मोजला होता.

पुढचा मुद्दा मातीचा. नासाचं फिनिक्स यान २००८ मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवीय भागात उतरलं आणि तिथल्या मातीत पर्क्लोरेट नावाचे क्षार सापडले. प्रमाण साधारण अर्धा टक्का. हे क्षार शरीरात गेले तर थायरॉइड ग्रंथीला आयोडीन मिळू देत नाहीत. कादंबरी लेखकाने स्वतः प्रकाशित केली २०११ मध्ये, तरी तिच्यात वॉटनी मंगळाची माती घरात आणतो, तिच्यात मैला आणि थोडी पृथ्वीची माती मिसळतो आणि लावण करतो. क्षारांचं काही नाही. तिने फळ्यावर लिहिलं: “आधी माती परीक्षण.” आता कोणी हसलं नाही. अर्ध्याअधिक मुलांच्या घरी माती परीक्षणाचा कागद आहे.

पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, “मग पुस्तक खोटंच की.”

“खोटं कसं? पर्क्लोरेट पाण्यात विरघळतं. जमीन खारवट झाली की पाणी देऊन निचरा काढतात, तसं धुता येईल. फक्त तेवढं पाणी आणायचं कुठून, ते सांगायला पाहिजे होतं. पाण्याचं मात्र त्याने सगळं सांगितलंय.” आणि तिने हायड्रॅझिनची प्रक्रिया मांडली. यानातल्या त्या इंधनाचं इरिडियमवर विघटन करून हायड्रोजन मिळवायचा, तो ऑक्सिजनमध्ये जाळून पाणी करायचं. रसायनशास्त्राचे सर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी समीकरण तपासलं आणि मान डोलावली. वादळाचं तिला माहीत होतंच. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, तिथला वारा यान उलथवू शकत नाही. लेखकाने हे उघडपणे मान्य केलेलं आहे, म्हणून ती त्यावर फार थांबली नाही.

मग बातमी. ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० गेलं. स्पेडेक्स या मोहिमेचे दोन उपग्रह सोडल्यावर रॉकेटचा चौथा टप्पा कक्षेतच फिरत ठेवला होता, त्यात इस्रोचा ‘क्रॉप्स’ हा प्रयोग होता. एका बंद पेटीत चवळीचे आठ दाणे. चार दिवसांत ते उगवले, मग पानं दिसली. तिच्याकडच्या कात्रणाच्या मथळ्यात ‘शेती’ हा शब्द होता. तिने त्याखाली पेनाने रेघ मारली होती.

“चवळी ओल्या फडक्यात बांधली तरी उगवते,” ती म्हणाली. “दाण्यात दोन डाळी असतात, पहिले काही दिवस रोप त्यावरच जगतं. वजन नसताना ते उगवलं, हे मोठंच आहे. मूळ कुठल्या दिशेला जाणार, पाणी कसं पोचणार, काहीच इथल्यासारखं नाही. पण इस्रोने दोन पानांपर्यंतच वाढवायचं ठरवलं होतं, आणि तेवढं केलं. शेती म्हणालंय ते पेपरवाल्यांनी. उगवण वेगळी आणि पीक वेगळं. आमच्याकडे उगवण शंभर टक्के होते आणि करपा येऊन सगळं जातं, असंही झालंय. पुस्तकात तो उगवणीवर थांबत नाही. एका क्षणात घर फाटतं, थंडीने झाडं मरतात. पीक गेल्यावर माणूस काय करतो, ते बातमीत कधी येत नाही. म्हणून मला दोन्ही एकत्र वाचायला आवडलं.”

मी हे लिहून घेतलं. अकरावीच्या मुलीच्या तोंडून मी ऐकलेलं विज्ञानाबद्दलचं इतकं नेमकं बोलणं दुसरं आठवत नाही.

त्यानंतर मी उठले आणि माझ्याकडची एक गोष्ट जोडली. २८ सप्टेंबर २०१५ ला नासाने जाहीर केलं की मंगळाच्या उतारांवर ऋतूनुसार दिसणाऱ्या काळपट रेघांमध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांचे पुरावे मिळाले आहेत. याच कादंबरीवरचा सिनेमा त्याच आठवड्यात लागला. ‘मंगळावर वाहतं पाणी’ ही बातमी जगभर झाली. पण २०१७ मध्ये त्याच रेघांचा पुन्हा अभ्यास झाला. त्या ज्या उतारांवर थांबतात त्यांचा कोन पाहता ती कोरडी वाळू घसरत असावी, असा निष्कर्ष आला. तो पहिल्या पानावर आला नाही. दुसऱ्या बाजूला नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावर फिरणाऱ्या गाडीला साध्या मातीतच वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी आढळलं होतं, त्याकडे लोकांचं लक्षच नव्हतं. माती तापवली तर ते निघतं. वर्गाने लगेच हिशेब केला: शंभर किलो मातीमागे दोन लिटर. “म्हणजे वॉटनीला इंधन जाळायची गरज नव्हती?” कोणीतरी विचारलं. तिथून जी चर्चा पेटली ती घंटेनंतरही चालू राहिली. तिच्या हातात अजून सुरी होती. ती काढून घ्यायचं मला भान आलं ते पुढच्या तासाचे शिक्षक आले तेव्हा.

त्या शनिवारनंतर सादरीकरणाच्या कागदात मी एक रकाना वाढवला, ‘पुढे काय झालं?’. बातमी आणणाऱ्याने पुन्हा शोध घेऊन तो भरायचा. चवळीचा रकाना तिने भरला: प्रयोग ठरल्याप्रमाणे संपला, पीक घेतलेलं नाही. शिवाय पेरूमधल्या लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने नासाबरोबर वाळवंटातल्या क्षारयुक्त मातीत बटाटा उगवून पाहिला होता, तेही तिने शोधून काढलं. ‘क्षार सोसणाऱ्या जाती’ या शब्दांखाली दोन रेघा.

जून २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि त्यांनी मूग आणि मेथी उगवली. कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं, ती आता बारावीत. स्टाफरूमच्या दारात कात्रण घेऊन उभी. या वेळी मथळ्याखाली रेघ नव्हती, बातमीच्या शेवटच्या परिच्छेदाखाली होती. ते बियाणं पृथ्वीवर परत आल्यावर इथे लावून पुढच्या पिढ्यांमध्ये काय बदल होतात ते पाहणार, असं तिथे लिहिलं होतं. प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा आणि तिथल्या आयआयटीचा.

“मॅडम, धारवाडला ॲडमिशन कशी मिळते?”

मी म्हटलं, आपल्याला राहुरीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, आधी सीईटी दे. तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, “तेही विचारणारच होते. पण हे बियाणं धारवाडला लावणारेत ना?”