प्रत्येकाला त्याच्या लिपीत

कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पुरीम या आपल्या सणाला ‘होळीचा सण’ म्हणत आलेत. ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याच्या १४ तारखेला तो येतो, बऱ्याच वर्षी आपल्या होळीच्या आगेमागेच. पुण्यात नोकरीला होते तेव्हा शेजारच्या काकू मला त्यांच्या सिनेगॉगमध्ये घेऊन गेल्या. एस्तेरची कथा वाचली जात होती. हामानाचं नाव आलं की पोरं खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते नाव बुडवून टाकत होती. प्रार्थनेच्या जागी पोरांना दंगा करायची एवढी मोकळीक मी कधी पाहिली नव्हती!

हामान हा इराणच्या राजाचा वजीर. मर्दखय नावाचा ज्यू आपल्यापुढे वाकत नाही म्हणून त्याने सगळ्याच ज्यूंना मारायचं ठरवलं, आणि त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दिवस काढला. राणी एस्तेर मर्दखयच्याच घरात वाढलेली. न बोलावता राजासमोर गेलं तर मरण, हे ठाऊक असून तीन दिवस उपास करून ती आपल्या लोकांसाठी गेली.

पुढचा भाग मी घरी येऊन मराठी बायबलमध्ये वाचला. हामान फासावर गेला, पण ज्यूंना मारायचा, राजाच्या मोहरेचा हुकूम राजालाही मागे घेता येईना. म्हणून दुसरा हुकूम निघाला: ज्यूंनी एकत्र येऊन आपला जीव वाचवावा. १२७ प्रांतांत तो गेला तो प्रत्येक प्रांताच्या लिपीत, प्रत्येक लोकांच्या भाषेत; ज्यूंनाही त्यांच्याच लिपीत, त्यांच्याच भाषेत. मी तिथंच थांबले. कर्नाटकातल्या बेळगावच्या शहापुरात मराठी परिपत्रकांसाठी निवेदनं घेऊन जाणारी घरातली माणसं बघत मी मोठी झाले. जीव वाचवणारा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, हे त्या जुन्या दरबारालाही कळत होतं. पुरीम मला इथं आपला वाटतो.

बाकी सण देण्याघेण्याचा. निदान दोन गरिबांना दान, एका तरी स्नेह्याकडे खायचे दोन जिन्नस, मग घरी भरपेट जेवण. पोरं सोंगं घेतात. आनंद मनाला येईल तेव्हा करायचा नाही, तो नेमून दिलेला आहे आणि त्यात दुसऱ्याचा वाटा आधी, ही रीत मला फार आवडते.

काकू आता इस्रायलला असतात. त्यांचा भाचा या आठवड्यात तिकडे निघालाय. त्याच्या बॅगेत बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट देतेय. दोन जिन्नस झाले.