मोरचुदाचं पाणी

आमच्या सायन्सच्या सरांना व्याख्या लिहून द्यायचा भारी कंटाळा, त्यामुळे वह्या कोऱ्या राहायच्या पण प्रयोग डोक्यात बसायचे. पदार्थाचे गुणधर्म शिकवताना त्यांनी मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा (ज्यात तांबं असतं) खडा वर्गात फिरवला. निळा आहे, पाण्यात विरघळतो, हे काय कोणीपण बघून सांगेल रे, हा दुसऱ्याशी गाठ पडल्यावर काय करतो ते सांगा, असं म्हणायचे. मग परीक्षानळीत मोरचुदाचं पाणी, त्यात पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा. तास संपता संपता खिळा तांबूस आणि पाण्याचा निळा रंग फिका, जरा हिरवट. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, गंजला! सरांनी त्यालाच पुढे बोलावून नखाने खरवडायला लावलं, तर तांबं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते स्वतः द्रावणात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. खिळ्याऐवजी चांदी टाकली असती तर ढिम्म काही झालं नसतं.

मॅग्नेशिअमची फीत, चुन्याच्या निवळीत फुंकर मारणं वगैरे सगळ्यांचंच झालंय, ते लिहीत बसत नाही.

मी पुढे द्राक्षबागेत पडलो. डाऊनी या द्राक्षाच्या रोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारायचं मिश्रण) करायचं तर 1 टक्क्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि तेही प्लास्टिकच्या ड्रमात, लोखंडी बादली चालत नाही (का ते वर आलंच). चुना हवेत राहून जुना झाला असेल तर माप बरोबर असूनपण कमी पडतो, मोरचूद मोकळा राहतो आणि पानं करपतात. म्हणून फवारायच्या आधी द्रावणात विळ्याचं पातं बुडवून बघायचं, तांबूस झालं तर अजून चुन्याची निवळी. बागवाले याला बोर्डोची टेस्ट म्हणतात, माझ्या लेखी तो सरळ सरळ सरांचा तास आहे.

नंतर कुठेतरी वाचलं की फ्रान्समध्ये बोर्डोकडे लोकांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, आणि नेमकी तीच झाडं रोगातून वाचली. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने ते हेरलं आणि 1885 मध्ये जाहीर केलं. सरांना हा किस्सा सांगायला हवा होता, जाम आवडला असता.

आणि हो, शाळेच्या लॅबमध्ये मोरचूद संपला असेल तर कळवा, छाटणीनंतर माझ्याकडे पोतंच असतं.