घराची खूण

शनिवार, रात्री

‘तू कोण आहेस ते एका चिन्हात काढ’ असं दहा वर्षांच्या पोराला सांगितलं की ते हमखास दुसऱ्याचंच चिन्ह काढतं. आज रबरी ठशांच्या वर्गात निम्म्यांनी आपापल्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचं बोधचिन्ह काढलं, दोघातिघांनी सुपरहिरो. एकानं राजमुद्रा, कारण ती पप्पांच्या बुलेटच्या टाकीवर आहे. मी कुणालाच अडवलं नाही. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, मॅच असते तेव्हा शाहू स्टेडियमवर जो बसलाय, त्याला पेठ ही माणसाची ओळख असते की नाही हे कुणी शिकवायला नको.

शिवाजी महाराजांच्याही आधीचं काहीतरी दाखवावं म्हणून कोल्हापुरात सापडलेल्या, सातवाहन काळातल्या कुर राजांच्या शिशाच्या नाण्याचा फोटो फिरवला. त्यावर धनुष्य आणि ताणलेला बाण आहे. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “मॅडम, हे इलेक्शनचं!” वर्ग खो खो हसला, मीही. खरं तर पोरगं बरोबरच बोललं. वाचता न येणाऱ्यालाही लांबून कळलं पाहिजे, हे त्या राजाचंही गणित आणि मतपत्रिकेचंही. आजीच्या गळ्यातल्या कोल्हापुरी साजात दशावताराची दहा पानं असतात, त्यात मासा असतो, कासव असतं, हेही सांगितलं. एक मुलगी घरी जाऊन मोजणार आहे.

मग कागद बाजूला ठेवायला लावले. विचारलं, मी आत्ता तुमच्या गल्लीत शिरले, तर तुमचं घर कसं ओळखू? घरनंबर चालणार नाही. तसाही आपल्याकडं कुणी सांगत नाही.

“दारात पिवळं पिंप हाय.”

“आमच्या कट्ट्यावर कायम एक लंगडं कुत्रं बसलेलं असतंय.”

“कौलावर पपई उगवलीय. कुणी लावली न्हाई, आपसूक आलीय.”

एकाच्या घरी चप्पल शिवतात. तो म्हणाला, ठोकायचा आवाज येतो, त्यावरून ओळखा. आवाज ठशासाठी रबरात कापायचा कसा, यावर बराच वेळ गेला. शेवटी त्यानं चामडं कापायची रापी काढली, बाबांच्या हातातली. आवाज राहिला बाजूला, पण रापी अशी काढली होती की पातं कुठं झिजलंय तेही दिसत होतं.

सुतारवाड्यातली मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “भिंतीवर रेघ हाय. पाणी तिथपर्यंत आलतं.” २०१९ चा महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तिला स्वतःला त्यातलं फारसं आठवत नसणार. पण रंग देताना आईनं ती रेघ तेवढी सोडायला लावली, हे तिला पक्कं माहीत आहे.

पुढचा शनिवार

साहित्य अगदी फुकटातलं. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबा, सुताराकडून प्लायचे तुकडे. रबरातून आकार कापायचा, प्लायवर चिकटवायचा, झाला ठसा. ट्यूब उभी चिरली की आतून पांढरी भुकटी निघते, ती साबणानं धुवावीच लागते, नाहीतर सोल्यूशन धरत नाही. शिवाय रबर गोल वळत राहतं, म्हणून आठवडाभर जाडजूड पुस्तकांखाली दाबून ठेवलं होतं. बटाट्याचे ठसे मी बंद केले. पाणी सुटतं, रंग फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी ठसा सुरकुतून जातो. स्वतःची खूण दोन दिवसांत कुजलेली पोरांना आवडत नाही.

रबराला बारीकसारीक काही जमत नाही, आणि मला त्याचं तेच आवडतं. कुत्र्याला मिशा, पट्टा, शेपटीचे केस असं सगळं हवं होतं. कात्री नाही म्हणाली. मग काय ठेवायचं? लंगडा पाय ठेवला, बाकी कुत्रं नुसतं लांबट ढेकूळ. छापल्यावर सगळ्यांनी ओळखलं.

राजमुद्रावाला हट्टी निघाला. चिन्ह बदललं नाही, फक्त मध्ये स्वतःचं आद्याक्षर ‘म’ घातलं. छापलं तर उलटं. खवळला. त्याला म्हटलं, महाराजांच्या मुद्रेवरची अक्षरंही कारागिरानं उलटीच कोरली असणार, त्याशिवाय कागदावर सुलटी उमटतील कशी? त्यानं बुलेटवरचा स्टिकर आठवून पाहिला आणि म्हणाला, “म्हंजे खरी मुद्रा ह्याच्या उलटी?” मग कागद खिडकीच्या काचेला लावून मागून ‘म’ गिरवला आणि परत कापायला बसला.

सुतारवाड्याच्या मुलीनं दार कापलं होतं, आणि त्यावर आडवी चिकटवायला एक बारीक पट्टी. पट्टी काही केल्या सरळ राहीना. चिकटवली की टोकं उचलायची, रंग लावला की सरकायची. मी दुसरी, जरा रुंद कापून देऊ लागले तर म्हणाली, “एवढी जाड न्हवती.” मग तिनं पट्टी फेकूनच दिली. दाराचेच कात्रीनं आडवे दोन तुकडे केले आणि मध्ये दोरा जाईल एवढी फट ठेवून चिकटवले. कागद उचलला तर काळ्या दारावर पाण्याची रेघ कोऱ्या कागदाची आली होती. न छापता. मी हे कुणाला शिकवलेलं नाही, पुढच्या वर्गात ते मी शिकवलं म्हणून खपवणार आहे.

पोस्टर कलरमध्ये थोडं ग्लिसरीन घातलं की तो पटकन वाळत नाही, ठसा चार वेळा उठतो. त्यामुळे अदलाबदल सुरू झाली. शेवटी प्रत्येकाच्या वहीत आख्खी गल्ली झाली: पपई, रापी, पिंप, कुत्रं. कुत्र्याला सर्वांत जास्त मागणी.

संध्याकाळी एका आईचा फोन. पोरानं डब्याच्या पिशवीवर, उशीच्या अभ्र्यावर आणि धाकट्या भावाच्या पाठीवर पपई छापलीय. तक्रार असेल वाटलं, तर त्यांचं म्हणणं एवढंच की अभ्र्यावरची धुतली की निघाली, न निघणारा रंग कुठला? महाद्वार रोडला फॅब्रिक कलर बघते म्हटलं. दोन बाटल्या, काळी आणि निळी. भावाची पाठ मात्र यातनं वगळा, असं त्यांना बजावलंय.