गोधडीमुळे सापडलेली बॅग

लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारी २०२५ मध्ये आम्ही दोघे पाचोऱ्याहून रात्रीच्या रेल्वेने मुंबईला गेलो आणि तेथून आखाती देशात विमान बदलून फ्रँकफर्टला उतरलो. सामानाच्या पट्ट्यावर ह्यांची बॅग आली, माझी मात्र पट्टा थांबला तरी आली नाही. माझे लोकरीचे कपडे, वर्षभराचा काळा मसाला, ज्वारीचे बिबडे, शेवया आणि माझ्या आईच्या दोन लुगड्यांची शिवलेली बाळाची गोधडी असे सगळे त्या एकाच बॅगेत होते. युरोपीय संघातील देशांत प्रवाशांना बाहेरून दुधातुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून डिंकाचे लाडू तेवढे घरी ठेवले होते.

जावई बाहेर वाट पाहत होते आणि मला रडू येत होते. तशीच बाहेर पडले असते, पण लेकीने फोनवर बजावले, ‘‘आई, तक्रार लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.’’ तिचे हे सांगणे पुढे फार उपयोगी पडले.

सामानाच्या काउंटरवर प्रथम बॅगेच्या टॅगचा दहा आकडी क्रमांक मागितला गेला. मुंबईला बॅग दिली तेव्हा त्याची लहान चिठ्ठी बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून मिळाली होती. दोन्ही पास मी पर्समध्ये जपून ठेवले होते, म्हणून निभावले. नंतर बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता समोर ठेवून आकार, रंग, चाके आणि कुलूप यांची माहिती विचारली गेली. शेवटी मिळालेल्या कागदावर दहा अक्षरांचा तक्रार क्रमांक होता : विमानतळाची तीन अक्षरे, विमान कंपनीची दोन आणि पुढे पाच अंक. जगभरातील बहुतेक विमान कंपन्या हरवलेले सामान वर्ल्डट्रेसर नावाच्या एका सामाईक संगणकप्रणालीत शोधतात, आणि हा क्रमांक त्याच प्रणालीतला असतो.

पुढचे चार दिवस ‘शोध चालू आहे’ एवढेच उत्तर येत राहिले. बाहेर गोठवणारी थंडी होती आणि माझ्याकडे एक स्वेटर व शाल एवढेच होते. लेकीने कोट, बूट आणि आतले गरम कपडे आणवून घेतले आणि प्रत्येक पावती एका पाकिटात ठेवली. सामान उशिरा आल्यामुळे करावा लागलेला वाजवी खर्च कंपनीकडे मागता येतो, हे तिला ठाऊक होते.

पाचव्या दिवशी कंपनीने बॅगेतील वस्तूंची सविस्तर यादी मागितली : वस्तू, खरेदीची तारीख, किंमत, पावती. कपड्यांच्या किमती आठवून लिहिल्या. गोधडीपाशी मी बराच वेळ थांबले. आईला जाऊन सहा वर्षे झाली होती. तिची ती दोन लुगडी कोणत्या रकान्यात बसवायची, हे मला कळेना. शेवटी किमतीचा रकाना कोरा ठेवला आणि वर्णनात लिहिले : ‘घरी शिवलेली, एका बाजूला हिरवे आणि दुसऱ्या बाजूला गडद निळे सुती कापड, काठाला लाल दोरा, सर्वांत वर ठेवलेली.’

त्या काळात जावयांनी नियम वाचून काढले. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो आणि भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. बॅग एकवीस दिवसांत आली नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी एककात ठरते. ती प्रतिप्रवासी १,२८८ होती आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ झाली. अर्थात तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही, नुकसान दाखवावे लागते. मौल्यवान वस्तू असेल तर बॅग देतानाच तिचे मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरण्याची तरतूदही त्यात आहे. माझ्या गोधडीला तिचा काय उपयोग होता, असे तेव्हा वाटले.

सोळाव्या दिवशी फोन आला. विमान बदलले त्या विमानतळावर टॅग फाटून निघालेली एक बॅग पडून होती. ती कोणाची हे कळण्यासाठी उघडली तेव्हा वर हिरव्या-निळ्या कापडाची गोधडी दिसली, आणि ते वर्णन माझ्या यादीशी जुळले. नाव-पत्त्याची चिठ्ठी मी बॅगेच्या बाहेरच बांधली होती, ती टॅगबरोबरच गेली असावी. आता एक चिठ्ठी आतही ठेवते.

बॅग घरपोच आली तेव्हा एक चाक तुटलेले होते आणि मसाल्याची पुडी फुटून कपड्यांना वास लागला होता. मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत करावी लागते, म्हणून त्याच संध्याकाळी छायाचित्रे आणि पावत्या जोडून दोन्ही तक्रारी पाठवल्या. कंपनीने आधी बुटांचा खर्च नाकारला. त्या दिवसाचे तापमान आणि यादीतील माझ्या बुटांची नोंद दाखवून पुन्हा लिहिल्यावर तो मान्य झाला, आणि अडीच महिन्यांनी पैसे जमा झाले. चाकाचे मात्र काही मिळाले नाही.

नात बॅगेच्या तीन दिवस आधी जन्मली होती. गोधडी दोनदा धुतली तरी काळ्या मसाल्याचा वास पूर्ण गेला नाही. लेक म्हणाली, ‘‘राहू दे आई, आजीच्या घराचा वास आहे,’’ आणि तिने बाळाला त्यातच गुंडाळले.