शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण

गेल्या रविवारी एका जुन्या मैत्रिणीबरोबर प्रेमकथेवरचा एक चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून त्यातले एक दृश्य डोळ्यांसमोरून हलायला तयार नाही. चित्रपटाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे शेवट सांगावा लागणार आहे आणि ज्यांना तो अजून पाहायचा असेल त्यांचा रसभंग करण्याची माझी इच्छा नाही.

कथा तशी साधी आहे. दोघे सहा वर्षे एकत्र राहतात आणि एक दिवस तो नोकरीसाठी परदेशी निघून जातो. भांडण होत नाही, निरोपही धड घेतला जात नाही, फोन हळूहळू विरळ होत जातात आणि पुढे ते येईनासे होतात. पूर्वार्ध मला जरा रेंगाळलेला वाटला, आणि काही ठिकाणी पार्श्वसंगीत इतके पुढे येते की प्रेक्षकाच्या भावनेला स्वतःहून उमलायला वावच उरत नाही.

पण तो गेल्यानंतर ती पहिल्यांदा गाडी चालवायला बसते, त्या प्रसंगापाशी चित्रपटाने मला पुरते धरून ठेवले. तो उंच असल्यामुळे चालकाची सीट त्याच्या पायांच्या मापाने पार मागे सरकवलेली असते. ती बसते आणि पाय ताणून पाहते, तर ब्रेकपर्यंत जेमतेम चवडा पोहोचतो. सीट पुढे घेण्यासाठी तिचा हात खालच्या दांड्याकडे जातो, दांड्यावर टेकतो आणि तिथेच थांबतो. मग ती सीटच्या अगदी कडेवर येऊन, स्टिअरिंगला धरून, तशीच अवघडलेली गाडी चालवत राहते. संवाद नाही, संगीत नाही, ऐकू येते ती फक्त इंडिकेटरची टिकटिक.

त्या वेळी अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर म्हणावे असे काहीच नव्हते. १९२० च्या आसपास रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांनी एका नटाच्या चेहऱ्याचे एकच निर्विकार दृश्य वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवले आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी शोक दिसला, असे सांगतात. त्या दांड्यावर थांबलेल्या हातानंतर तिचा कोरा चेहरा मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा ते म्हणणे मला प्रथमच मनापासून पटले, कारण चेहऱ्यावर दिसणारे सगळे दुःख आम्ही, समोर बसलेल्यांनीच, तिथे नेऊन ठेवले होते.

आणि तेवढ्यात शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. डोळ्यांत साठणारे पाणी अश्रुनलिकेतून नाकात उतरते, त्यामुळे अंधारात शेजारचे माणूस रडू लागल्याचे आपल्याला दिसण्याआधी ऐकू येते. मी मान वळवली नाही. सिनेमागृहात दोघेही पडद्याकडे तोंड करून बसलेले असतात आणि आपल्याकडे कोणी पाहत नाही या खात्रीवर माणूस मोकळा होतो. समोरासमोर बसून चहा पिताना जे कधी जमले नसते, ते तिथे सहज घडत होते. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला, रुमाल शोधला, आणि बराच वेळ चष्मा पुन्हा लावला नाही.

तिच्या आयुष्यातही चार वर्षांपूर्वी असेच एक नाते शब्दाविना सुटले होते. त्या काळात मी तिला अनेकदा, अगदी मायेने, सांगितले होते की झाले ते झाले, आता विसरून जा. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने करुण, म्हणजे शोकाचा रस, आणि विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातले प्रेम, यांतला भेद सांगितला आहे: करुण निरपेक्ष असतो, म्हणजे तिथे परतभेटीची आशा उरलेली नसते, विप्रलंभ मात्र सापेक्ष असतो, त्यात औत्सुक्य आणि चिंता असते, कारण आशेचा धागा अजून तुटलेला नसतो. महाविद्यालयात परीक्षेपुरता पाठ केलेला हा भेद त्या अंधारात एकाएकी आठवला आणि मला माझीच चूक लख्ख दिसली. एवढी वर्षे मी तिचे सांत्वन करुणाच्या भाषेत करत होते आणि ती होती विप्रलंभात. जे तिच्यासाठी संपलेलेच नव्हते, ते विसरायला मी तिला सांगत होते. तिने मला कधी अडवले नाही, याचे आता फार वाईट वाटते.

चित्रपटाचा शेवट गाडीतच होतो. बरीच वर्षे लोटलेली आहेत, ती पुन्हा त्याच सीटवर येऊन बसते, आणि दिग्दर्शकाने हे शेवटचे दृश्य इतके थोडक्यात आटोपले आहे की पापणी लवली तर निसटून जावे. श्रेयनामावली सुरू झाली, लोक उठून जाऊ लागले, दिवे लागले, तरी आम्ही दोघी बसूनच होतो. मी तिच्या हातावर हात ठेवला. या वेळी सांगण्यासारखे काही माझ्याजवळ नव्हते आणि मी ते शोधलेही नाही.

बाहेर आल्यावर बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अगं, शेवटी माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, मला नीट दिसलंच नाही. तिनं सीट पुढे घेतली का?"

"घेतली," मी म्हटले, "पण फार सावकाश घेतली."

"पूर्ण?"

"नाही, थोडीशीच. पाय पोहोचतील इतकी."

तिने मान हलवली, चष्म्याच्या काचा ओढणीच्या टोकाने पुसल्या, आणि मग त्या गाडीतल्या हाताविषयी आम्ही दोघी बोलत राहिलो.