सांडव्यावर पोती का लावू देत नाही

"वहिनी, सांडव्यावर दीड फूट पोती लावली तर काय बिघडतंय?"

सांडवा म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी बाहेर जायला भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली ठेवलेली वाट. तिच्यावर पोती रचली की आमच्या तलावात तेवढं पाणी जास्त अडतं. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत हा प्रश्न मला वीसेक वेळा तरी ऐकावा लागतो. खालच्या विहिरीवाले विचारतात, सोसायटीत भेटलेले विचारतात, लातूरला लग्नात जेवायला बसले तरी पंगतीतून कोणीतरी विचारतंच. माझ्या दोन्ही लेकीसुद्धा विचारतात. बहुतेकांना उत्तर नको असतं, पोती हवी असतात. तरी तुम्ही विहिरीवाल्यांनी विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बहात्तरच्या दुष्काळानंतर सासऱ्यांनी आपल्याच रानातल्या ओढ्यावर तलाव कसा घातला, वडारांनी गाढवांवरून माती कशी आणली, थर पाणी मारून बैलांनी कसे तुडवले, हे माझ्यापेक्षा तुम्हीच चांगलं सांगता. ते सोडून देते. भिंत बावीस फूट उंच आहे, मातीची आहे आणि पन्नास वर्षांची आहे, एवढंच ध्यानात ठेवा.

आणि ती आमची आहे. फुटली तरी आमचीच. धरण सुरक्षेचा २०२१ चा केंद्राचा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो, काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांनाही. आमची भिंत सात मीटरसुद्धा नाही. त्यामुळं कोणी साहेब पावसाळ्याआधी येऊन ती तपासणार नाही. तपासायची तर मीच तपासायची. म्हणून मृगाच्या आत माथ्यावरच्या भेगा बुजवून घेते. काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते, की काही ठिकाणी कोपरापर्यंत हात जातो. बाहेरच्या उतारावरच्या वेड्या बाभळी दरवर्षी काढते. सासूबाईंनी लावलेला लिंबही काढला, आणि त्यावरून दोन वर्षं बोलणी खाल्ली. झाड वाळलं की मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. जिवंतपणी त्या लिंबाखाली मीही बसले आहे. मला काय तो तोडायची हौस होती?

तलाव आमचा असला तरी पाणी एकटीचं नाही, हे मला मान्य आहे. खालच्या सात विहिरी याच पाझरावर आहेत. तुमचा राग मला कळतो. भादव्यात सांडव्यावरून पाणी जाताना बघायचं आणि मार्चमध्ये टँकरला फोन लावायचा, हे कोणालाही सहन होणार नाही. मलाही झालं नव्हतं.

कारण पोती पहिल्यांदा लावायला लावली ती मीच.

ते २०१६ साल होतं. त्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. आमच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि शाळेतली पोरं घरून बाटलीत पाणी आणून ती तीनदा पुरवून प्यायची. मग पाऊस लागला. सप्टेंबरात तलाव भरला आणि सांडवा वाहायला लागला. मी ह्यांना म्हणाले, एक थेंब खाली जाऊ द्यायचा नाही. हे कुरकुरले. म्हणाले, "आबांनी सांडवा त्या उंचीला ठेवलाय तर काहीतरी विचार करूनच ठेवला असंल." मी म्हणाले, आबांच्या काळी एवढे दुष्काळ कुठं पडत होते? बहात्तरच्या दुष्काळातून ज्यांनी तलाव बांधला, त्यांच्याबद्दल मी हे बोलले. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून आम्ही सांडव्यावर ओळी रचल्या. सगळ्या विहिरीवाल्यांनी हात लावला. त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. रात्री अकराला हे बॅटरी घेऊन निघाले, मागोमाग मी. माथ्यावर पोचलो तेव्हा मला आधी काही वेगळं दिसलं नाही. मग ह्यांनी बॅटरी मधोमध धरली. तिथं भिंत वर्षानुवर्षं बसत बसत वीतभर खचलेली होती. दिवसा त्यावरून बैलगाडी नेताना ते कधी जाणवलं नव्हतं. त्या खचलेल्या जागेवरून पाण्याची एक धार बाहेरच्या बाजूला चालली होती. करंगळीएवढी. अगदी शांत. मी खाली वाकून हात लावला, तर धारेखालची माती हाताला लोण्यासारखी लागली. बघता बघता त्या धारेनं बाहेरच्या उताराला चर पाडला आणि ती मनगटाएवढी झाली.

हे सांडव्याकडं पळाले. मी घराकडं पळून सोयाबीनवर टाकायची ताडपत्री ओढत आणली, चरावर पसरली, तिच्यावर हाताला लागतील ते दगड ठेवले आणि पाण्याकडच्या कडेवर स्वतः बसले. पाणी मांडीला लागत होतं. बाहेरच्या अंगाला काळोखात खाली आमच्या चुलत दिरांचं रान होतं, आणि रानात त्यांचं खोपट. मी हाका मारत होते. पावसात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

पोती भिजून फुगली होती, एकमेकांत बसली होती, उचलेनात. ह्यांनी विळ्यानं ती फाडायला सुरुवात केली. वरची ओळ मोकळी झाली तशी बाकीची पाण्यानंच लोटली, सगळी एकदम. तो आवाज मी विसरलेले नाही. अर्ध्या तासात पाणी माझ्या मांडीवरून उतरलं. भिंत राहिली.

दीर लेकरांना घेऊन आधीच वरच्या बांधावर आले होते. माणसाला, जनावराला काही झालं नाही. सकाळी बघितलं तर त्यांचं पाऊण एकर रान खरडून मुरूम उघडा पडला होता. काढणीला आलेलं सोयाबीन कुठं गेलं त्याचा पत्ता नव्हता. दीर त्या मुरमावर उभे होते. मला बघून एवढंच म्हणाले, "वहिनी, पीक पुढल्या साली येईल. माती कुठून आणू?"

पुढच्या उन्हाळ्यात तलावातला गाळ मी साठ ट्रॉल्या त्यांच्या रानात टाकून दिला. (भिंतीच्या पायथ्याजवळचा गाळ मात्र मशीनला काढू दिला नाही. तो थर पाण्याला भिंतीखाली शिरू देत नाही. त्यावरूनही भांडण झालं.) गाळ टाकला, पण चूक झाली हे शब्द माझ्या तोंडून तेव्हा निघाले नाहीत. अजून निघाले नाहीत. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

त्याच उन्हाळ्यात मैत्रिणीचे वडील येऊन गेले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी टेप लावून सांडव्याचा उंबरा आणि माथा यांतलं अंतर मोजलं. चार फूट. म्हणाले, दीड फूट पोती लावली की अडीच उरले. आम्हाला वाटलं होतं, जागा तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाली. त्यांनी वहीवर गणित करून दाखवलं. सांडव्यावरून जाणारं पाणी उंचीच्या सरळ हिशोबात नाही, त्याहून भराभर, म्हणजे उंचीच्या दीड घातानं वाढतं, तसंच घटतं. म्हणजे सांडव्याची ताकद सरळ निम्म्यावर येते. त्यात भिंत मध्ये खचलेली, म्हणजे त्याहूनही कमी. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर चालतं, मातीच्या भिंतीवरून गेलं की ती स्वतःच वाहायला लागते. आणि हेही सांगितलं, की पायथ्याला पाझर दिसला म्हणून घाबरायचं नाही, पाझराचा रंग बघायचा. निवळ असेल तर ठीक, गढूळ असेल तर आतून माती चालली आहे. अशा वेळी बाहेरून चिखल थापून तोंड बंद करायचं नाही. वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड. पाणी येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही.

तेव्हापासून पावसाळ्यात रोज संध्याकाळी पायथ्याच्या पाझरातून काचेचा एक ग्लास भरून आणते आणि खिडकीत ठेवते. सकाळी तळ बघते. लेकी म्हणतात, आईला छंद लागलाय. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून खालची वाडी वाहून गेली, तेव्हापासून त्या काही म्हणत नाहीत. तिथल्या लोकांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, आता माथा भरून सारखा केलाय, मग आता काय अडचण आहे? हे मलाही अधूनमधून पटतं. २०१८ ला तलाव निम्माही भरला नाही, २०२३ च्या ऑगस्टमध्ये आभाळ कोरडं होतं, आणि दोन्ही वेळी मी रात्री हिशोब करत बसले होते, की मागच्या साली दीड फूट जास्त अडवलं असतं तर किती दिवस निघाले असते. दोन महिने सहज. २०२१ च्या सप्टेंबरात दोन दिवस सांडवा दुथडी वाहिला आणि भिंतीला काही झालं नाही. मी म्हणाले, बघा, पोती असती तर? दीर म्हणाले, "कामून, पोती असती तरी काही झालं नसतं. लई तर फूटभर वर आलं असतं." त्यांचं खोटं आहे हे मी सिद्ध करू शकत नाही. माझं खरं आहे हेही नाही.

हो, सगळ्यांत जास्त आग्रह त्यांचाच असतो. ज्यांचं रान गेलं त्यांचा. त्यांचं म्हणणं असं, की रान पोत्यांनी गेलं नाही, रात्री घाबरून एकदम फाडल्यानं गेलं. दिवसा एकेक ओळ काढली असती तर काही झालं नसतं. हे माझ्या मनात किती वर्षं टोचतं आहे ते त्यांना माहीत नाही. विळा ह्यांच्या हातात होता, पण "फाडा, फाडा" म्हणून ओरडत मी होते. हे जाऊन आता पाच वर्षं झाली. त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

सांडव्याला लोखंडी फळ्या बसवून त्या उघडझाप करता येतील, असं एकानं सुचवलं. रात्री दोनला पावसात त्या उघडायला कोण जाणार? आता माझे गुडघे नीट चालत नाहीत. "आम्ही जाऊ," असं सगळे म्हणतात. त्या रात्रीही सगळे आले. पाणी उतरल्यावर.

परवा पोळ्याला दीर बैल घेऊन दारात आले. मी ओवाळलं. जाताना ओसरीत एक गठ्ठा ठेवून गेले, काही बोलले नाहीत. सोडून बघितलं तर सिमेंटची रिकामी पोती, धुऊन, मोजून चाळीस.

मी ती भरू दिलेली नाहीत. परतही पाठवलेली नाहीत.